इवलीशी उपपदे

आटपाट नगर होते. तेथे एक राजा राहत असे. राजाला एक मुलगी होती. मुलगी मोठी हट्टी होती.

अशा आरंभाची कहाणी आजीच्या तोंडून कोणी ऐकली नाही? परंतु या चार लहानशा वाक्यांत भाषेचे एक मोठे मर्म दडलेले आहे, तिकडे ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. राजाचा प्रथम उल्लेख आला तेव्हा आजी ‘एक राजा’ असे म्हणाली. पुढच्याच वाक्यात ‘एक’ हा शब्द गळाला आणि नुसता ‘राजा’ उरला. मुलीच्या बाबतीतही तोच प्रकार घडला. आजीने जर ‘एक राजा राहत असे. एका राजाला एक मुलगी होती’ असे सांगितले असते, तर नातवंडांनी तिला तत्काळ थांबवून विचारले असते, ‘आजी, हा दुसरा राजा कोठून आला?’

म्हणजे बोलणारा नेहमी एका गोष्टीचे भान ठेवतो. ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत ती ऐकणाऱ्याच्या ओळखीची आहे, की तिची ओळख आता प्रथमच करून द्यावयाची आहे? मराठीत हे भान आपण नकळत सांभाळतो. त्यासाठी कोणी नियम शिकवीत नाही. इंग्रजी भाषेने मात्र या कामासाठी तीन चिमुकले शब्द नेमून ठेवले आहेत. ते शब्द म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. नामाच्या जवळ, त्याच्या आधी बसणाऱ्या या शब्दांना व्याकरणात उपपदे असे म्हणतात. ‘अ’ आणि ‘ॲन’ ही अनिश्चित उपपदे होत आणि ‘द’ हे निश्चित उपपद होय. आकाराने ही उपपदे इवलीशी असली, तरी त्यांचा संचार सर्वत्र आहे. इंग्रजी मजकुरात सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर ‘द’ हेच आहे.

याखेरीज आणखी एक अवस्था आहे. कित्येक नामांपूर्वी इंग्रजीत कोणतेच उपपद येत नाही. त्या ठिकाणी शून्य उपपद आहे असे व्याकरणकार म्हणतात. ज्या ठिकाणी काहीच नाही, त्याला नाव देण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणालाही येईल. पण २०५ ही संख्या लिहून पाहावी. तिच्यातील शून्य म्हणजे नुसता अभाव नव्हे. दशकाचे घर रिकामे आहे, ही माहिती ते शून्य देते. ते पुसले तर संख्या २५ होईल. इंग्रजीतील उपपदाची रिकामी जागाही अशीच बोलकी असते.

आता या तिघांची कामे एकेक करून पाहू.

परीक्षेच्या दालनात एका मुलाचे पेन अकस्मात बंद पडले, असे समजा. तो शेजारच्या मित्राला म्हणाला, ‘गिव्ह मी अ पेन.’ याचा अर्थ, कोणतेही एक पेन दे. निळे असो वा काळे, नवे असो वा जुने. पण तो जर ‘गिव्ह मी द पेन’ असे म्हणाला, तर अर्थ पालटतो. ते पेन कोणते, हे दोघांनाही ठाऊक आहे. काल ज्याविषयी बोलणे झाले होते तेच ते पेन. ‘अ’ म्हणजे ‘अनेकांतील कोणतेही एक’ आणि ‘द’ म्हणजे ‘तुला ठाऊक असलेले तेच’, असा हा भेद आहे. ऐकणाऱ्याला जर त्या पेनाची काहीच माहिती नसेल, तर तो गोंधळून विचारील, ‘कोणते पेन?’ असा प्रश्न उभा राहिला की ‘द’ चुकीच्या जागी पडला, हे ओळखावे.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा अर्थ एकच आहे. पुढचा शब्द व्यंजनाच्या उच्चाराने सुरू होत असेल तर ‘अ’ येतो आणि स्वराच्या उच्चाराने सुरू होत असेल तर ‘ॲन’ येतो. येथे पुष्कळ विद्यार्थी फसतात, कारण ते अक्षराकडे पाहतात. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. ‘अवर’ म्हणजे तास. हा शब्द लिहिताना आरंभी ‘एच’ हे व्यंजन लिहावे लागते. पण ते उच्चारात येत नाही, म्हणून ‘ॲन अवर’ असे म्हणावयाचे. ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाच्या आरंभी ‘यू’ हा स्वर लिहिला जातो. पण उच्चार ‘य’ या व्यंजनाने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’ हे बरोबर. त्याच न्यायाने ‘ॲन एम. ए.’ असे म्हणतात, कारण ‘एम’ या अक्षराच्या नावाचा आरंभ ‘ए’ या स्वराने होतो. डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवला म्हणजे ही चूक होत नाही.

‘द’ या उपपदाचा उच्चारही असाच बदलतो. व्यंजनापूर्वी तो ‘द’ असा होतो, तर स्वरापूर्वी ‘दि’ असा होतो. ‘द बुक’, पण ‘दि ऑरेंज’. महाराष्ट्रातील जुन्या संस्थांच्या आणि पतपेढ्यांच्या पाट्यांवर नावाआधी ‘दि’ असे लिहिलेले पुष्कळ ठिकाणी आढळते. ते अक्षर म्हणजे हेच निश्चित उपपद होय.

या उपपदांचा जन्म कसा झाला, हा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थी ‘आन’ असा शब्द होता. या एका शब्दाचे पुढे दोन शब्द झाले. जोर देऊन उच्चारलेल्या ‘आन’पासून आजचा ‘वन’ म्हणजे एक हा संख्यावाचक शब्द आला. घाईघाईने, जोर न देता उच्चारलेल्या ‘आन’चा ‘ॲन’ झाला आणि व्यंजनापूर्वी त्यातील ‘न’ही झिजून केवळ ‘अ’ उरला. म्हणजे आजीच्या कहाणीतील ‘एक’ आणि इंग्रजीतील ‘अ’ हे एकच काम करणारे आणि एकाच मार्गाने आलेले शब्द आहेत. ‘एक’ हा अंक दोन्ही भाषांत अनोळखी वस्तूची ओळख करून देणारा शब्द बनला.

‘द’ची कथा याहूनही जवळची आहे. जुन्या इंग्रजीत नामांना तीन लिंगे होती आणि मराठीतील तो, ती, ते यांच्याप्रमाणे दर्शक सर्वनामाची लिंग, वचन व विभक्ती यांना अनुसरून वेगवेगळी रूपे होती. कालांतराने इंग्रजी नामांचे लिंगभेद लोपले, विभक्तींचे प्रत्यय झिजले आणि त्या अनेक रूपांच्या जागी ‘द’ हे एकच रूप राहिले. त्याच सर्वनामाचे नपुंसकलिंगी रूप ‘दॅट’ म्हणजे ‘ते’ या अर्थाने आजही वापरात आहे. हे ‘दॅट’ आणि संस्कृतातील ‘तत्’ एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघाले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. आणि मराठीतील तो, ती, ते ही सर्वनामे संस्कृतातील त्याच ‘तत्’ सर्वनामाच्या वंशातील आहेत. तेव्हा इंग्रजीतील ‘द’ हा परका वाटला, तरी तो आपल्या ‘तो’चा दूरचा भाऊबंद आहे.

‘ॲन’मधील ‘न’ने तर इंग्रजी शब्दांची मोठी फसगत केली आहे. बोलताना दोन शब्द एकमेकांना चिकटतात, तेव्हा ‘न’ हा आधीच्या शब्दाचा की पुढच्या शब्दाचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून अंगावर बांधतात त्या वस्त्राला पूर्वी इंग्रजीत ‘नेप्रन’ म्हणत असत. ‘अ नेप्रन’ हे शब्द लोकांनी ‘ॲन एप्रन’ असे ऐकले आणि ‘न’ पुढच्या शब्दातून मागच्या शब्दात गेला. हात पुसावयाचा ‘नॅपकिन’ हा त्याच घराण्यातील शब्द. त्याचा ‘न’ मात्र सुरक्षित राहिला. क्रिकेटच्या मैदानावरील ‘अंपायर’ याची गोष्ट अशीच आहे. त्याचा मूळ शब्द ‘न’ने सुरू होणारा होता आणि त्याचा अर्थ ‘जोडीतला नसलेला’, म्हणजे दोन्ही पक्षांहून वेगळा असा तिसरा, असा होता. उलट, ‘निकनेम’ म्हणजे टोपणनाव या शब्दाने आपला नसलेला ‘न’ उपपदाकडून मिळवला. मूळचा शब्द ‘एकनेम’ म्हणजे ‘जादा नाव’ असा होता.

‘ऑरेंज’ या शब्दाचा प्रवास तर भारतापासून सुरू होतो. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी व अरबी भाषांतून युरोपात गेला. मराठीत ‘नारिंग’ आणि ‘नारिंगी’ हे शब्द आजही ‘न’सह नांदत आहेत. इटली व फ्रान्स या देशांतील भाषांत मात्र त्याचा आरंभीचा ‘न’ गळाला. त्या भाषांतील अनिश्चित उपपदाच्या अंतीही ‘न’ होता आणि त्यानेच नामाचा ‘न’ गिळला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढे इंग्लंडमध्ये हे फळ पोहोचले ते ‘न’शिवायच.

‘द’ केव्हा योजावा? मागे सांगितलेले सूत्र ध्यानात धरले, की बहुतेक स्थळे आपोआप सुटतात. ऐकणाऱ्याला ‘कोणता?’ असे विचारण्याचे कारणच उरत नसेल, तर ‘द’ येतो. हे कारण चार प्रकारांनी नाहीसे होते. पहिला प्रकार, वस्तूचा उल्लेख आधी होऊन गेलेला असणे. जसा कहाणीतील राजा. दुसरा, ती वस्तू एकच असणे. जसे ‘द सन’, ‘द मून’. सूर्य म्हटल्यावर कोणता सूर्य, असे कोणी विचारीत नाही. तिसरा, वाक्यातच तिची खूण सांगितलेली असणे. जसे, ‘नदीच्या काठावरील देऊळ’. चौथा, प्रसंगावरून ती कळणे. वर्गात शिक्षक ‘शट द डोअर’ म्हणाले, म्हणजे जगातील कोणतेही दार नव्हे, याच वर्गाचे दार लावावयाचे.

शून्य उपपदाची मुख्य स्थळे अशी आहेत. पाणी, दूध, सोने यांसारख्या न मोजता येणाऱ्या पदार्थांविषयी, किंवा धैर्य, प्रामाणिकपणा यांसारख्या गुणांविषयी सर्वसामान्य विधान करावयाचे असेल तर उपपद नको. अनेकवचनी नामाने संपूर्ण जातीविषयी बोलावयाचे असेल तरीही नको. ‘डॉग्ज आर फेथफुल’, म्हणजे कुत्री इमानी असतात. परंतु त्याच पाण्याला अथवा कुत्र्यांना विशिष्टपणा आला की ‘द’ उभा राहतो. या विहिरीतील पाणी म्हटले की ते ‘द वॉटर’ होते.

काही ठिकाणी उपपद असणे आणि नसणे यांमुळे हेतूच बदलतो. मुलगा ‘गोज टू स्कूल’, म्हणजे तो शिकण्यासाठी शाळेत जातो. त्याचे वडील मुख्याध्यापकांना भेटावयास गेले, तर ते ‘गोज टू द स्कूल’. कारण त्यांना शिकावयाचे नसून त्या इमारतीपर्यंत जावयाचे आहे. तुरुंगाविषयी तर हा फरक फारच महत्त्वाचा आहे. उपपद न लावता ‘प्रिझन’मध्ये गेलेला मनुष्य हा शिक्षा भोगणारा कैदी असतो, ‘द प्रिझन’मध्ये गेलेला मनुष्य कैद्याला भेटावयास गेलेला नातेवाईक असू शकतो. एका उपपदाच्या चुकीने निरपराध माणूस कैदी ठरावा, ही गोष्ट लहान नव्हे.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, पाण्याची टंचाई आहे आणि विहिरीवरून परतणाऱ्या माणसाने इंग्रजीत ‘देअर इज लिटल वॉटर इन द वेल’ असे सांगितले, अशी कल्पना करा. याचा अर्थ, विहिरीत पाणी जवळजवळ नाहीच. हेलपाटा घालू नका. पण तो ‘देअर इज अ लिटल वॉटर’ असे म्हणाला, तर विहिरीत थोडे का होईना, पाणी आहे. घागर घेऊन जावे. एका ‘अ’ने निराशेची आशा झाली. मराठीत हेच काम ‘च’ हे एक अक्षर करते. ‘पाणी थोडेच आहे’ आणि ‘थोडे पाणी आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत.

उपपदे मोजणीही करतात. ‘अ ब्लॅक अँड व्हाइट काउ’ म्हणजे काळ्यापांढऱ्या रंगाची एक गाय. ‘अ ब्लॅक अँड अ व्हाइट काउ’ म्हणजे एक काळी आणि एक पांढरी, अशा दोन गाई. खरेदीच्या कागदावर हा दुसरा ‘अ’ लिहावयाचा राहिला, तर एका गाईचा तोटा होईल. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर’ असे लिहिले तर चिटणीस आणि कोषाध्यक्ष एकच व्यक्ती ठरते; दोन व्यक्ती असतील तर ‘द’ दोनदा लिहावा लागतो.

विशेषनामांना सामान्यतः उपपद लागत नाही. तथापि नद्या, समुद्र आणि पर्वतांच्या रांगा यांच्या नावांआधी ‘द’ लागतो. ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’ असे म्हणतात. पण एकट्या शिखराला उपपद नको. एव्हरेस्ट असो वा कळसूबाई, शिखर आपल्या नावानेच उभे राहते. प्रदेशांच्या नावांतही हा ‘द’ दिसतो. ‘द कोकण’, ‘द डेक्कन’ असे इंग्रजीत लिहितात. पंजाबलाही पूर्वी ‘द पंजाब’ असे म्हणत असत. आज नुसते ‘पंजाब’ म्हणतात.

असाच एक ‘द’ एका राष्ट्राच्या स्वाभिमानाचा विषय झाला. युक्रेन हा देश १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाचा भाग होता. तोपर्यंत इंग्रजीत त्याला बहुधा ‘द युक्रेन’ म्हणत. २४ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केले. ‘द’ लावल्याने आपला देश कोणा मोठ्या राज्याचा एक विभाग वाटतो, स्वतंत्र राष्ट्र वाटत नाही, असे तेथील लोकांना वाटत होते. इंग्रजी वृत्तपत्रांनी हळूहळू तो ‘द’ सोडून दिला. नवल असे, की युक्रेनी भाषेत आणि रशियन भाषेत उपपदे मुळीच नाहीत. ज्यांच्या भाषेत उपपद नाही, त्यांनी परक्या भाषेतील उपपदाचा सूक्ष्म अर्थ ओळखला. याउलट, आफ्रिकेतील गांबिया या देशाने ‘द गांबिया’ हेच आपले नाव आवर्जून राखले आहे. गांबिया हे तेथील नदीचे नाव, आणि त्या नदीवरूनच देशाला नाव मिळाले आहे.

उपपदाने चंद्रावरही एक कोडे निर्माण केले. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पहिले पाऊल ठेवले. त्या क्षणी त्यांनी जे वाक्य उच्चारले त्याचा आशय असा होता : एका माणसाचे हे लहानसे पाऊल आहे, पण मानवजातीची ती प्रचंड झेप आहे. वाक्य अर्थपूर्ण आहे. परंतु पृथ्वीवर ऐकणाऱ्यांना ‘अ मॅन’मधील ‘अ’ ऐकू आला नाही. त्यांनी नुसते ‘मॅन’ ऐकले. इंग्रजीत ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस. पण उपपदाशिवाय नुसते ‘मॅन’ म्हटले, की त्याचा अर्थ अवघा मानव असा होतो. मग वाक्याचा अर्थ, मानवाचे लहानसे पाऊल आणि मानवाचीच प्रचंड झेप, असा होऊन त्यातील विरोधाचे सौंदर्यच नाहीसे होते. आपण ‘अ’ म्हणावयाचे योजले होते, असे आर्मस्ट्राँग यांनी पुढे सांगितले. २००६ मध्ये एका संशोधकाने त्या ध्वनिमुद्रणाची संगणकाद्वारे तपासणी करून ‘अ’ उच्चारला गेला होता असा निष्कर्ष काढला. इतर अभ्यासकांना तो मान्य झाला नाही. लक्षावधी मैलांचा प्रवास बिनचूक पार पडला आणि वाद राहिला तो एका अक्षराचा! तरीही जगाने त्या वाक्याचा योग्य तोच अर्थ घेतला, कारण प्रसंग सर्वांना ठाऊक होता. जेथे प्रसंग बोलतो, तेथे उपपदाची उणीव भरून निघते.

जेथे प्रसंगच वादग्रस्त असतो, तेथे मात्र ती भरून निघत नाही. जून १९६७ मध्ये इस्राएल आणि त्याची शेजारी अरब राष्ट्रे यांच्यात युद्ध झाले आणि इस्राएलच्या सैन्याने काही प्रदेश व्यापला. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात म्हटले होते. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या अर्थाच्या अनेकवचनी नामाआधी ‘द’ नव्हता. ‘द’ नाही, तेव्हा सर्वच्या सर्व प्रदेश अभिप्रेत नाहीत, असे एका पक्षाने म्हटले. दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले, की ‘द’ नसला तरी अर्थ सर्व प्रदेश असाच होतो. बागेच्या दारावर ‘कुत्री आणू नयेत’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी ‘द’शिवाय लावली, तर काही कुत्री आणण्यास मोकळीक आहे, असे कोणी समजत नाही. शिवाय त्याच ठरावाच्या फ्रेंच मसुद्यात निश्चित उपपद आलेले आहे, हेही त्या पक्षाने दाखवून दिले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, तरी हा वाद मिटलेला नाही. एवढ्या मोठ्या वादाचे कारण केवळ एक उपपद आहे असे नव्हे; त्यामागे भूमीचा आणि माणसांच्या घरादारांचा प्रश्न आहे. परंतु ज्या कागदावर लोकांचे भवितव्य लिहिले जाते, त्या कागदावरील एकही शब्द क्षुल्लक नसतो, हा धडा यातून मिळतो.

हा ठराव मराठीत लिहिला तर काय होईल? ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ असेच लिहावे लागेल आणि त्यावरून ‘द’ होता की नव्हता, हे कळणार नाही. मग मराठी भाषा या बाबतीत दुबळी आहे काय? तसे मुळीच नाही. संस्कृत, लॅटिन, रशियन, चिनी व जपानी या समृद्ध भाषांतही उपपदे नाहीत. प्राचीन ग्रीक भाषेत निश्चित उपपद होते, अनिश्चित नव्हते. अरबीत ‘अल्’ हे निश्चित उपपद आहे. मराठीतील ‘अलबत’ या शब्दाच्या आरंभी ते गुपचूप येऊन बसले आहे. प्रत्येक भाषा आपले काम आपल्या रीतीने करते.

मराठीची रीत पाहावयाची असेल तर ही दोन वाक्ये घ्यावीत : ‘घरात मांजर आहे’ आणि ‘मांजर घरात आहे.’ शब्द तेच. केवळ त्यांचा क्रम बदलला आहे. पहिल्या वाक्यातील मांजर अनोळखी आहे. ते इंग्रजीत ‘अ कॅट’ होईल. दुसऱ्या वाक्यातील मांजर ओळखीचे आहे, आपण त्याचाच शोध करीत होतो. ते ‘द कॅट’ होईल. आणखी एक जोडी पाहा. ‘शेतकरी बैल शोधत आहे’, म्हणजे त्याला बैल विकत घ्यावयाचा आहे, कोणताही चालेल. ‘शेतकरी बैलाला शोधत आहे’, म्हणजे त्याचा स्वतःचा बैल हरवला आहे. येथे ‘ला’ या प्रत्ययाने ‘द’चे काम केले. मराठी माणसाच्या मनात हा भेद जागाच असतो. त्याला इंग्रजी शब्दांचा पोशाख चढविणे एवढेच काम विद्यार्थ्याला करावयाचे असते.

म्हणून इंग्रजी लिहिताना नामापाशी क्षणभर थांबावे आणि मनाशी प्रश्न करावे. ही वस्तू कोणती, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे काय? असेल तर ‘द’ लिहावा. नसेल, तर ती मोजता येण्याजोगी आणि एकच आहे काय? असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’ लिहावा. दोन्ही नसेल, तर बहुधा जागा रिकामी सोडावी. वहिवाटीने रूढ झालेले अपवाद आहेत. ते वाचनाने अंगवळणी पडतात. पण वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा विचार करण्याची सवय पाठांतराने लागत नाही. ती ज्याला लागली, त्याचे इंग्रजी तर सुधारतेच. पण त्याचे मराठीही अधिक नेमके होते. दुसऱ्याच्या मनात शिरून मग शब्द योजणे, हेच चांगल्या लेखनाचे पहिले लक्षण आहे.